वेढ्याला दोघं लागतात

मॅलकीने टेबलावरचे केकचे कण तळहाताने गोळा करून बशीत टाकले, मोबाइल समोर ठेवला आणि उजव्या हाताचं एकच बोट पुढे काढलं. गावातली मयतं उचलायची, पेटी, खड्डा, फादरची वेळ, सगळं बघायचं आणि निधनवार्ताही लिहून पाठवायची, हा त्याच्या घरचा पिढीजात धंदा. बाप टाकाने लिहायचा. मॅलकी या बोटाने.

“डीलिया गॅरटी,” तो पुटपुटला. “माहेरच्या टूही. आज सकाळी, जिल्हा रुग्णालयात.” आणि मग कुणाला काही न विचारताच त्याचं बोट पुढे निघालं, संध्याकाळी गाय आपली आपण गोठ्याकडे वळावी तसं. “‘पीसफुली, सराउंडेड बाय हर लव्हिंग फॅमिली.’”

शांतपणे, प्रेमळ कुटुंबीयांच्या वेढ्यात.

“ते नको,” उना म्हणाली.

मॅलकीचं बोट हवेतच थांबलं. चुलीशेजारच्या खुर्चीत उनाचा धाकटा भाऊ फिंटन बसला होता, त्याने मान वर केली. ओट्यापाशी शेजारच्या शेतावरची फिलोमिना सँडविचसाठी पावाला लोणी फासत होती. तिची सुरी चालत राहिली, फक्त आता तिचा आवाज येईना.

“काय नको?”

“ते वेढ्याचं. ‘शांतपणे’ लिहा. पण वेढा नको. मी तिथं नव्हते, मॅलकी.”

“अगं, सगळ्यांनाच लिहितात तसं.”

“म्हणूनच नको.”

मॅलकीने फिंटनकडे पाहिलं. फिंटन चुलीकडे बघत होता.

उनाच्या आईची या वाक्याशी जुनी ओळख होती. सकाळी नऊच्या बातम्या संपल्या की रेडिओवर परगण्यातल्या निधनवार्ता वाचून दाखवतात, आणि तेवढा वेळ या स्वयंपाकघरात कुणाची तोंड उघडायची छाती नसे. किटलीला कंठ फुटायला लागला तर तीही उतरवून ठेवायची. डीलिया चहाचा कप दोन्ही हातांत धरून ऐकायची आणि प्रत्येक नावामागे तिचा शेरा तयार असायचा. “अल्पशा आजाराने म्हणे! जन्मभर पीत होता मेला, तो आजार अल्प?” “शांतपणे? ती बाई कधी कुठं शांत बसली नाही, मरताना बरी बसेल!” आणि वेढा आला की ती कप खाली ठेवायची. “कसला डोंबलाचा वेढा? दोघी पोरी टोरांटोत, मुलगा सिडनीत. मांजराने घातला असेल वेढा.” मेलेल्या म्हशीला मणभर दूध असायचंच, हे तिला मान्य होतं. पण त्यात पाणी किती, ते सांगितल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे.

ती काही एकटी अशी नव्हती. निधनवार्ता कशी वाचायची हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ‘अचानक’ असं लिहिलेलं असलं की जीव दिला असेल म्हणून लोक आवाज खाली आणतात. ‘रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या प्रेमळ देखरेखीत’ असं असलं की समजायचं, घरचं कुणी नव्हतं. आणि यातलं काहीच लिहिलं नाही तर ते सगळ्यात वाईट, कारण मग लोक आपल्या मनाने लिहितात.

“हे बघ उना,” मॅलकीने चष्मा काढला. “हे वाक्य मी उठसूट कुणालाही लावत नाही. आमच्याकडे त्याला नियम आहे. बापाने एकदा म्हाताऱ्या लॅव्हेलला वेढ्यात घातलं. त्याच्यापाशी होता एकटा पुतण्या, आणि तोही घोरत पडलेला. रविवारी फादरनी चर्चच्या दारातच बापाला धरलं. म्हणाले, बाबा रे, एका माणसाचा वेढा होत नाही. वेढ्याला निदान दोघं लागतात. झालं, तेव्हापासून दोघं असतील तर वेढा, एक असेल तर ‘सोबतीत’. तुम्ही दोघं भावंडं आहात, म्हणून मी वेढा लिहिला. माझं चुकलं कुठं?”

“दोघं नव्हतो. एक होता. फिंटन होता.” उनाने टेबलावरच्या मेणकापडाची दुमडलेली कड सरळ केली. “मी केस करून घ्यायला गेले होते.”

खरं तर हे सांगायची गरज नव्हती. ते केस सगळ्यांना दिसतच होते. आज कित्येक आठवड्यांनी उनाच्या डोक्याला कुणी हात लावला होता, आणि ज्या बाईने लावला तिने काम चोख केलं होतं. कानांवरून वळलेल्या बटा, मानेपाशी नीट आत गेलेली टोकं, वरून फवारा मारून सगळं पक्कं बसवलेलं. दुपारी दारातून आत आल्या आल्या फिलोमिनाने तिला मिठी मारली होती, रडली होती, आणि डोळे पुसता पुसता “केस मात्र छान झालेत हो,” म्हणून गेली होती. मग तिने जीभ चावली. पण बोललेलं परत घेता येत नाही.

आईनेच तिला पाठवलं होतं. सकाळी डीलिया जरा हुशारीत होती. उशीवरून तिने उनाकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, “काय ते डोकं! पावसात भिजलेली मेंढी बरी दिसते. जा, केस करून ये. मी काही पळून जात नाही.” शाळेची बस चालवायची, ती उभी केली की दवाखाना गाठायचा, रात्री घरी येऊन गायींचं बघायचं, या सगळ्यात उनाला आरशात पाहिल्याचंही आठवत नव्हतं. फिंटन आदल्या संध्याकाळीच डब्लिनहून येऊन पोचला होता. तोही म्हणाला, “जा गं, मी आहे ना.” म्हणून ती गेली. दवाखान्यासमोरच्याच दुकानात गेली. कोमट पाण्याखाली मान मागे टाकली आणि तिला चक्क डुलकी लागली. शेवटी त्या बाईने मागे आरसा धरला, आणि उनाने डोकं इकडे तिकडे वळवून आपली मान पाहिली. छान दिसत होती. परत येते तो बाहेर बोळात खिडकीपाशी फिंटन उभा, आणि आत आईच्या पलंगाभोवती पडदा ओढलेला.

आता तिच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. गेलेली वेळ परत आणता येत नाही, केस विस्कटून टाकले तरी येत नाही. फक्त हे एक वाक्य अजून व्हायचं होतं. ते तरी खरं व्हावं, एवढंच तिला वाटत होतं. उद्या नऊला ते वाचतील तेव्हा कप खाली ठेवायला आई नसणार, हे तिला कळत होतं. तरीसुद्धा आईच्या नावापुढे तेच पाणचट दूध ओतलेलं तिला सोसवेना.

“लिहा,” ती मॅलकीला म्हणाली, “‘मुलगा फिंटन याच्या सोबतीत.’ तो होता, तर तो होता म्हणून लिहावं. आणि मी नव्हते, तर नव्हते.”

हे ती मनापासून म्हणाली. गावाच्या लेखी फिंटन म्हणजे नाताळला येणारा आणि टेबलावरचे ग्लास आवरायच्या आत निघणारा मुलगा. तिच्या स्वतःच्या लेखीही बरीच वर्षं तसंच होतं. पण शेवटी आईपाशी तो होता. ते गावाला कळलं तर तिला बरंच वाटणार होतं.

“नको,” फिंटन म्हणाला.

इतक्या पटकन म्हणाला, की मॅलकीने चष्मा पुन्हा चढवला.

“नको म्हणजे?”

“माझं एकट्याचं नाव कशाला? कुटुंबीय म्हटलं की सगळे आलेच त्यात.”

“पण ते खरं नाही ना.”

“उना, कोण तपासायला बसलंय?”

“अख्खा परगणा बसलाय,” फिलोमिनाच्या तोंडून निघून गेलं. मग तिने घाईघाईने पावाची दुसरी लादी ओढली. “मी आपलं उगाच बोलले. मी इथं नाहीच असं समजा.”

मॅलकीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “सहाच्या आत पाठवायला हवं, पोरांनो. रेडिओवरच्या संध्याकाळच्या वाचनात नाव नाही गेलं, तर उद्या घरी कधी यायचं ते लोकांना कळायचं नाही. मग बोल मला लागेल.”

उना भावाकडे वळली. “अरे, यात लाजायचं काय आहे? तू हात धरला होतास ना तिचा?”

दुपारपासून तिने हे विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

फिंटन उठला. चुलीचं लोखंडी दार उघडून त्याने आत जळण सारलं. चूल चांगली धगधगत होती, तिला जळणाची काही गरज नव्हती.

“काही बोलली का शेवटी?”

“झोपली होती.”

“श्वास लागला होता का रे? घाबरली नाही ना?”

“उना.”

तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन घुरघुरला. तो चुलीपासून दोन ढांगांत आला, फोन उचलला, बंद केला आणि पालथा ठेवला. पालथा ठेवल्यावरही त्याचा हात त्यावरून निघेना. त्या हाताकडे बघता बघता उनाला दवाखान्यातला तो बोळ आठवला, पण यावेळी नीट आठवला. फिंटन खिडकीकडे तोंड करून उभा होता. वॉर्डाचं दार त्याच्या पाठीशी होतं, आणि बंद होतं. एक परिचारिका नुकतीच त्याच्यापासून दूर जात होती. फोन त्याच्या कानाला होता. उना दिसल्यावर तो आधी फोनमध्ये “नंतर बोलतो” म्हणाला, आणि मग तिच्याकडे बघून म्हणाला, “गेली गं.” इतका वेळ ती धरून चालली होती, की तो बायकोला कळवत असेल. पण बायकोला कुणी असं सांगत नाही. आई गेल्याचं सांगता सांगता ‘नंतर बोलतो’ म्हणत नाही. ते ऑफिसशी बोलताना म्हणतात.

लहानपणी एकदा फिंटन फाटक उघडं टाकून आला होता आणि वासरं थेट हमरस्त्यावर गेली होती. तेव्हा आईसमोर तो असाच उभा होता, हात कशावर तरी घट्ट ठेवून.

“काय लिहायचं ते लिहा,” तो म्हणाला. “माझं एकट्याचं नको, एवढंच सांगतो.” शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज पार चिरकला.

उनाला राग आला. असा आला की कानशिलं तापली. मी आहे ना, म्हणाला होता. एवढंसं एक काम होतं, बसायचं. कित्येक आठवडे ती बसली होती, पाठीचा काटा ढिला होईपर्यंत बसली होती, आणि याला एक सकाळ बसवलं नाही. ती बोलायला तोंड उघडणार, तोच फवाऱ्याचा तो गोडसर वास तिच्या नाकात शिरला. तिच्याच डोक्याचा. तो बोळात होता, ती रस्त्यापलीकडे होती. तो फोनवर बोलत होता, ती आरशात मान बघत होती. कुणी कुणाला काय सुनवायचं? राग होता तिथेच राहिला, पण त्याला फेकायला जागा सापडेना.

मॅलकीने रुमाल काढून चष्म्याच्या काचा पुसल्या, पुसून झाल्यावर पुन्हा पुसल्या. हा धंदा करणाऱ्या माणसाला न सांगितलेलं बरंच कळतं. मग आवाज उतरवून तो म्हणाला, “तिसरंही एक आहे आमच्याकडे. ‘देखरेखीत’ म्हणून. चांगल्या चांगल्या घरांना लावलंय मी ते. त्यात कमीपणा काही नसतो, पोरी.”

फिलोमिनाची सुरी थांबली. आता ती चालतच नव्हती.

खरं वाक्य तेच होतं. उनाला हवं होतं तसं, एक थेंब पाणी नसलेलं. ‘लिहा’ एवढं म्हणायचं होतं. पण मग सहा वाजता ते रेडिओवरून घरोघर जाणार होतं. डेअरीत, शाळेच्या फाटकापाशी, चर्चच्या पायऱ्यांवर लोक माना हलवणार होते: दोन मुलं होती, आणि बिचारी एकटी गेली. उना तिचं ती सोसेल. तिने जे केलं ते गावाला ठाऊक होतं. पण फिंटनचं काय? तो परवा पेटी खांद्यावर घेणार, आणि त्याच्या पाठीमागे चालणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असणार. आणि पुढे नाताळला तो येईल का? तिने टेबलापलीकडे पाहिलं. तो पालथ्या फोनवर हात ठेवून उभा होता, आणि त्याचं नाक गळत होतं, आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. तिचा एकुलता एक भाऊ, टक्कल पडायला लागलेला.

“तुमचं नेहमीचंच राहू द्या,” ती म्हणाली.

“वेढा?”

“हो. दोघं होतो आम्ही.”

मॅलकीने क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि बोट खाली टेकवलं. पुढचा मजकूर त्याने भराभर उरकला: कुणाची पत्नी, कुणाची आई, कुणाची आजी, उद्या दुपारपासून घरी दर्शन, परवा अकराला चर्चमध्ये मिसा, फुलं फक्त घरच्यांची. “गेलं,” तो म्हणाला. फिलोमिनाने सुरी खाली ठेवली, उनाच्या मागून जाताना तिच्या खांद्यावर लोण्याचा हात ठेवला आणि किटली भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या बातम्या झाल्या तेव्हा भावंडं दोघंच घरात होती. रेडिओवरच्या बाईने नाव अगदी नीट उच्चारलं. वाक्यही नीट वाचलं, ‘शांतपणे’नंतर थोडं थांबून. उनाने चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. फिंटन खिडकीतून वासरांकडे बघत होता. वाचून झालं, संगीत लागलं. शेवटी फिंटन म्हणाला, “गाड्या कुठं लावायच्या ते बघायला हवं,” आणि बाहेर गेला.

दुपारी डीलिया घरी आली. बैठकीच्या खोलीत खिडकीखाली पेटी ठेवली, मेणबत्त्या लावल्या, तिच्या बोटांत जपमाळ गुंफली. आणि लोक यायला लागले. दारातून रांग आत यायची, पेटीपाशी जरा थांबायची आणि भिंतीकडेला उभ्या असलेल्या उना आणि फिंटनशी हस्तांदोलन करत स्वयंपाकघरात चहाकडे वळायची. अंगणात गाड्या मावेनात. रांगेचं शेपूट फाटकाबाहेर रस्त्यावर गेलं होतं.

“वाईट झालं, उना.”

“आल्याबद्दल आभार.”

“वाईट झालं हो. पण तुम्ही सगळे जवळ होतात, हे भाग्य.”

पहिल्या वेळी उनाने फक्त मान हलवली. दुसऱ्या वेळी “हो ना,” असं तोंडातल्या तोंडात म्हणाली. लोक वाक्य घेऊनच आले होते, आणि जो तो ते तिच्या हातात परत ठेवत होता. असं मरण कुणाला मिळतं, पोरी. आपल्या माणसांत गेली. माझी आई गेली तेव्हा मी बोटीवर होतो गं, तू नशीबवान. दूध डेअरीचा माणूस आला तोवर तिची जीभ सरावली होती. “हो, होतो आम्ही,” ती सहज म्हणून गेली. “केस छान दिसतायत,” त्याची बायको म्हणाली. “आईला आवडलं असतं.”

फिंटन सुरुवातीला नुसते हात हातात घेत होता. मग त्यालाही लोकांनी विचारून विचारून बोलतं केलं. झोपेतच गेली, तो सांगायला लागला. काही त्रास नाही झाला. पुढे पुढे तर तो हातांनी दाखवूही लागला: उना डोक्याशी, मी इकडे पायाशी. एका म्हाताऱ्याला त्याने हे सांगितलं तेव्हा उनाला क्षणभर ते दिसलंच. आपण डोक्याशी बसलोय, मेंढीसारखे केस घेऊन, आणि आई आपल्याकडे बघते आहे. तिला एकदम रडू फुटलं. म्हाताऱ्याने तिचा हात थोपटला. सगळ्यांना वाटलं, योग्य जागी रडली.

दिवस कलता कलता रांगेत जिन्सी दिसली. जिन्सी वॉर्डातली परिचारिका, केरळची. या परगण्यात येऊन तिला बरीच वर्षं झाली होती, आणि बोलण्याला इथला हेल चढला होता. कामावरून तशीच आली असावी, कोटाखाली तिचा निळा गणवेश होता. बाकीच्यांनी केलं तसं तिने पेटीपाशी थांबून क्रूसाची खूण केली आणि ती उनासमोर आली. पण तिने एका हाताने हस्तांदोलन केलं नाही. उनाचा हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“वाईट झालं, उना.”

“तू आलीस, बरं वाटलं.”

“मला यायचंच होतं.” जिन्सीचे डोळे भरले. ती थोडी पुढे झुकली. “काल तुमच्याशी बोलायला मिळालं नाही. तुम्हाला सांगायचं होतं, त्या वेळी मी तिथं—”

“सगळेच होतो आम्ही,” शेजारी फिंटन कुणाला तरी सांगत होता. त्याची जिन्सीकडे पाठ होती. “उना डोक्याशी, मी इकडे.”

जिन्सी थांबली. तिने फिंटनच्या पाठीकडे पाहिलं, मग उनाकडे. तिचं तोंड तसंच अर्धवट उघडं होतं. ते तिने हळूच मिटलं. उनाचा हात अजून तिच्या हातात होता, आणि उनाने तो असा घट्ट धरला की जिन्सीची बोटं पांढरी पडली.

बोल, उनाला म्हणायचं होतं. काय ते सांग. ती जागी झाली का? कुणी होतं का तिच्यापाशी? माझं नाव घेतलं का? एवढंच विचारायचं होतं, आणि जगात उत्तर देणारं एकच माणूस होतं, ते तिच्यासमोर तिचा हात धरून उभं होतं. पण विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागणार, की आम्ही नव्हतो. खोलीभर लोक होते. दारात लोक होते. फिलोमिना चहाचा ट्रे घेऊन तिच्या कोपरापाशीच उभी होती.

“मी वाचलं,” जिन्सी म्हणाली. आता तिचा आवाज अगदी बाकीच्यांसारखा झाला होता. “तुम्ही सगळे जवळ होतात. ते फार चांगलं झालं. त्यांना बरं वाटलं असेल.”

तिने उनाचा हात एकदा दाबला आणि सोडला. मागचा म्हातारा आधीच हात पुढे करून उभा होता. टोपी काखेत, गुडघे दुखणारा, किती वेळ रांगेत होता कुणास ठाऊक.

“वाईट झालं, पोरी. रेडिओवर ऐकलं आम्ही. सगळे होतात म्हणे.”

त्याच्या खांद्यावरून उनाला पेटी दिसत होती. जिन्सी चहाकडे गेली नव्हती. ती पुन्हा पेटीपाशी वळली होती. तिने डीलियाच्या जपमाळेतल्या हाताखाली आपला तळवा सरकवला आणि ती अंगठ्याने त्या हाताची मागची बाजू हळूहळू, एकाच जागी, चोळत राहिली. कुणाला दिसू नये अशा बेताने.

“हो,” उना म्हाताऱ्याला म्हणाली. “होतो आम्ही.”